हवाईयन भाषेत नाव आणि श्रद्धा : अनुवादापलीकडचा प्रश्न

मुंबई : अमेरिकेच्या हवाई राज्यातील माउई बेटावर २४ जानेवारी २०१८ रोजी एका न्यायालयात आरोपीला त्याचे नाव विचारण्यात आले. आरोपी हवाईयन संस्कृतीचा अध्यापक होता. हालेआकाला पर्वतावरील दुर्बिणीच्या प्रकल्पाला विरोध करताना त्याला अटक झाली होती. त्याने उत्तर हवाईयन भाषेत दिले. प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि उत्तर पुन्हा त्याच भाषेत आले. तेव्हा आरोपीची ओळख न्यायालयाला पटलेली नाही, असे ठरवून समोर उभ्या असलेल्या त्याच माणसाविरुद्ध अटक वॉरंट काढण्यात आले.

दुसऱ्याच दिवशी ते वॉरंट रद्द झाले. ज्यांना न्यायालयात हवाईयन भाषेत बोलायचे असेल त्यांच्यासाठी शक्य तेथे दुभाषी देण्याचे धोरण राज्याच्या न्यायव्यवस्थेने जाहीर केले. हवाईयन ही १९७८ पासून राज्यघटनेनुसार इंग्रजीच्या जोडीने हवाईची राजभाषा आहे. तरीही केवळ आपल्या भाषेत नाव सांगितल्याने एखादी व्यक्ती कागदोपत्री गैरहजर ठरू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

बाळासाठी, गोंदणासाठी किंवा प्रार्थनेसाठी एखादे नाव अथवा श्रद्धेचे वचन हवाईयन भाषेत कसे म्हणावे, असे जगभरातून विचारले जाते. प्रश्न शब्दकोशाचा वाटतो. मात्र या भाषेत नाव आणि श्रद्धा या दोन्ही गोष्टी नात्याशी बांधलेल्या आहेत. नाव कोणी दिले, देव कोणाचा आणि ‘आम्ही’ म्हणताना समोरचा त्यात धरला आहे की नाही, हे ठरल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही.

तेरा अक्षरांची लिपी

हवाईयन ही पॉलिनेशियन कुळातील भाषा असून माओरी, सामोअन आणि ताहितीयन या तिच्या भगिनीभाषा आहेत. तिच्या वर्णमालेत पाच स्वर आणि आठ व्यंजने आहेत. आठवे व्यंजन म्हणजे ‘ओकिना’, अर्थात कंठात क्षणभर अडवलेला श्वास. या लेखात तो ’ या चिन्हाने दाखवला आहे.

ही लिपी घडवली ती अमेरिकी मिशनऱ्यांनी, आणि येथे या कथेचा मुंबईशी खरा संबंध येतो. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी मंडळाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे प्रतिनिधी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. पुढे अमेरिकन मराठी मिशन या नावाने ओळखल्या गेलेल्या आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू करणाऱ्या कार्याची ती सुरुवात होती. त्याच मंडळाची पहिली तुकडी १८२० मध्ये हवाईत पोहोचली. मुंबईत त्यांना शतकानुशतकांचे वाङ्मय असलेली लिखित भाषा भेटली, तर हवाईत मौखिक परंपरा अतिशय समृद्ध होती, पण लिपी नव्हती.

हवाईयन उच्चारात ‘क’ आणि ‘त’, ‘ल’ आणि ‘र’, ‘प’ आणि ‘ब’, ‘व’चे दोन प्रकार हे अर्थ न बदलता एकमेकांच्या जागी येत. त्यामुळे आरंभीच्या कागदपत्रांत कामेहामेहा राजाचे नाव ‘तामेहामेहा’ असेही लिहिलेले सापडते. १८२६ मध्ये मिशनऱ्यांनी अक्षरांवर चक्क मतदान घेतले आणि प्रत्येक जोडीतील एकच अक्षर ठेवले. परकीय नावांसाठी, विशेषतः बायबलमधील नावांसाठी मात्र गाळलेली अक्षरे वापरण्याची मुभा राहिली. बोली भाषेत नसलेले द, र, स हे वर्ण धर्मग्रंथात दिसतात ते त्यामुळेच.

जुन्या शब्दांत नवा देव

मिशनरी येण्याच्या काही महिने आधी, १८१९ मध्ये, हवाईच्या राजघराण्यानेच ‘कापू’ ही धार्मिक निषेधांची जुनी व्यवस्था मोडीत काढली होती. राजा लिहोलिहो, राणी का’आहुमानू आणि राजमाता केओपुओलानी यांनी स्त्री-पुरुषांनी एकत्र न जेवण्याचा नियम उघडपणे तोडला. राज्याचा धर्म संपला, परंतु धर्माची भाषा जिवंत होती.

अनुवादकांनी तीच भाषा वापरली. देवासाठी त्यांनी ‘अकुआ’ हा शब्द घेतला. कू, काने, लोनो, कानालोआ आणि ज्वालामुखीची देवी पेले या सर्वांना हाच शब्द लागू होता. त्याला एकवचनी निश्चित उपपद जोडून ‘के अकुआ’ म्हटले की तो एकमेव देव झाला. मराठी बायबलमध्ये ‘देव’ या शब्दाचे जे झाले, त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे. प्रार्थनेसाठी ‘पुले’ हा जुनाच शब्द राहिला. त्यावरून रविवार हा ‘लापुले’, म्हणजे प्रार्थनेचा दिवस झाला, चर्च ‘हालेपुले’ म्हणजे प्रार्थनेचे घर झाले आणि पाद्री ‘काहुना पुले’ झाला. यातील ‘काहुना’ हा शब्द जुन्या धर्मातील पुरोहितांसाठी आणि जाणकारांसाठी होता. ‘प्रभू’साठी निवडलेला ‘हाकू’ हा शब्द धनी किंवा स्वामी असा अर्थ देतो. त्याच उच्चाराचे क्रियापद गीत रचणे आणि फुलांची माळ गुंफणे यांसाठी वापरतात.

श्रद्धेसाठीचा शब्द ‘मना’ओ’इ’ओ’ असा आहे. ‘मना’ओ’ म्हणजे विचार आणि ‘इ’ओ’ म्हणजे खरे, सत्त्व असलेले. याच शब्दाचा दुसरा अर्थ मांस असाही आहे. त्यामुळे श्रद्धा म्हणजे ज्याला प्रत्यक्ष देह आहे असा विचार, अशी कल्पना या शब्दातून उभी राहते. आशेसाठी ‘मना’ओलाना’ हा शब्द आहे. ‘लाना’ म्हणजे तरंगणे, म्हणून आशा हा बुडू न देणारा विचार होय. श्रद्धा आणि आशा यांच्या सोबतीची प्रीती हवाईयन बायबलमध्ये ‘अलोहा’ झाली. अभिवादन, करुणा, माया आणि निरोप हे सारे या एका शब्दात सामावते. ‘अलोहा’ म्हणजे ‘श्वासाच्या सन्निध’ अशी लोकप्रिय फोड पर्यटकांना ऐकवली जाते. मात्र माओरीतील ‘आरोहा’ आणि सामोअनमधील ‘अलोफा’ हे सगोत्र शब्द पाहता या फोडीला भाषाशास्त्राचा आधार मिळत नाही.

नवा करार १८३२ मध्ये आणि संपूर्ण बायबल १८३९ मध्ये हवाईयनमध्ये प्रसिद्ध झाले. डेव्हिड मालो आणि जॉन पापा ई’ई यांच्यासारख्या स्थानिक विद्वानांच्या साहाय्याशिवाय हे काम झाले नसते. या दोघांनीही बाप्तिस्म्याची नावे मूळ नावांपुढे लावली होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

‘आम्ही’, ‘आपण’ आणि ‘माझा’

इंग्रजी वाचकाला हवाईयन प्रार्थनेतील जी गोष्ट शिकवावी लागते, ती मराठी वाचकाला उपजत कळते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ज्याच्याशी बोलतो त्याला वगळायचे असेल तर ‘आम्ही’, त्याला धरून बोलायचे असेल तर ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच सर्वनाम आहे. हवाईयनमध्ये ‘माकोउ’ म्हणजे आम्ही आणि ‘काकोउ’ म्हणजे आपण. ही भाषा आणखी एक पाऊल पुढे जाते. केवळ दोघांसाठी ‘माउआ’ आणि ‘काउआ’ ही द्विवचने ती संस्कृतप्रमाणे वेगळी ठेवते.

म्हणून प्रार्थनेला सुरुवात करताना उपस्थितांना ‘ए पुले काकोउ’, म्हणजे ‘आपण प्रार्थना करू या’, असे सांगितले जाते. मात्र देवाला उद्देशून ‘आमच्या पित्या’ म्हणताना ‘माकोउ’ येते. तेथे ‘काकोउ’ म्हटले, तर ‘माझा आणि तुझा, आपल्या दोघांचाही पिता’ असे देवालाच सांगितल्यासारखे होईल. मराठी प्रार्थनेतही ‘आमच्या’ असते, ‘आपल्या’ नसते. इंग्रजीतून यंत्रवत अनुवाद केला, तर नेमका हाच धागा तुटतो.

दुसरा भेद स्वामित्वाचा आहे. हवाईयनमध्ये ‘माझा’ दोन प्रकारे म्हणतात. जे आपल्याला निवडता येत नाही, जन्माने किंवा वारशाने मिळते, त्यासाठी ‘को’उ’; जे आपल्या कृतीने येते, त्यासाठी ‘का’उ’. हा नियम ढोबळ असून त्याला अपवाद आहेत, पण त्यामागची दृष्टी स्पष्ट आहे. आई-वडील, शरीर, राजा आणि देव ‘को’उ’ या गटात येतात; पती-पत्नी, अपत्य, अन्न आणि काम ‘का’उ’ या गटात. ‘का’उ मेले’ म्हणजे मी रचलेले गीत आणि ‘को’उ मेले’ म्हणजे माझ्याविषयी रचलेले गीत. ‘माझा देव’ हा नेहमी ‘को’उ अकुआ’ असतो. देव मी मिळवलेला नाही, हे त्या एका स्वरातच सांगून होते. ‘माझे नाव’ही ‘को’उ इनोआ’ असेच म्हणतात. नाव देवाच्या, देहाच्या आणि आई-वडिलांच्या रांगेत बसते.

नाव उतरवण्याच्या वाटा

परकीय नाव हवाईयनमध्ये आणण्याची पहिली वाट ध्वनीची आहे. या भाषेत जोडाक्षर नाही आणि प्रत्येक अक्षर स्वरानेच संपते. त, द, स, ज, ग या सर्वांच्या जागी ‘क’ येतो, र चा ल होतो, ब आणि फ यांचा प होतो. यामुळे सॅम्युएलचा कामुएला, डेव्हिडचा कावीका, जॉर्जचा केओकी, रॉबर्टचा लोपाका आणि ख्रिसमसचे कलीकीमाका होते. बायबलमधील नावे मात्र इंग्रजीऐवजी ग्रीक आणि हिब्रू रूपांवरून घेतली गेली. त्यामुळे एकाच जॉनची दोन रूपे आढळतात : धर्मग्रंथातून आलेला ‘इओआने’ आणि इंग्रजीच्या संपर्कातून आलेला ‘केओनी’. मराठीतही शेजारचा जॉन जॉनच राहतो, पण बायबलमधला जॉन योहान असतो.

ध्वनीच्या वाटेत एक धोका आहे. केवळ नियम समजण्यासाठी ‘रमा’ हे मराठी नाव घेऊ. र चा ल केला की ‘लमा’ हा शब्द तयार होतो आणि तो हवाईयनमध्ये आधीपासूनच आहे. त्याचा एक अर्थ मशाल किंवा प्रकाश असा आहे. १८३४ मध्ये लाहाइनालुना येथे छापलेल्या हवाईतील पहिल्या वृत्तपत्राच्या नावात तोच शब्द होता. दुसरा अर्थ एका स्थानिक वृक्षाचा, ज्याचे लाकूड हुला नृत्याची देवता लाका हिच्या वेदीवर ठेवले जाई. तिसरा अर्थ मात्र इंग्रजीतून आलेल्या ‘रम’ या मद्याचा आहे. कोणता अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येईल, ते संदर्भावर अवलंबून राहते.

दुसरी वाट अर्थाची. थिओडोर या ग्रीक नावाचा अर्थ देवाची देणगी. संस्कृतातील देवदत्तही तेच सांगतो. हवाईयनमध्ये ‘मकाना आ के अकुआ’ म्हटले की अर्थ उतरतो. येथेही मधला ‘आ’ महत्त्वाचा आहे, कारण देणारा देव आहे, हे तो सांगतो. मात्र शब्दकोशातील प्रत्येक शब्द नाव म्हणून शोभतोच असे नाही. ‘कालानी’चा अर्थ स्वर्ग किंवा आकाश असा आहे, तसाच तो उच्चकुलीन राजा असाही आहे.

तिसरी वाट हवाईयन समाजाची स्वतःची आहे. तेथे नाव सुचत नाही, ते मिळते. मेरी कावेना पुकुई या विदुषीने हवाईयन कुटुंबपरंपरांची जी नोंद केली, तीत अशा नावांचे प्रकार येतात. ‘इनोआ पो’ हे पूर्वजांनी स्वप्नात सांगितलेले नाव. ते नाकारले तर मूल आजारी पडते, असा समज होता. काही नावे शकुनातून, तर काही कानी आलेल्या अदृश्य आवाजातून मिळत. पूर्वजांचे नाव कुटुंबाच्या मालकीचे असे आणि परक्याने ते परवानगीविना घेणे गैर मानले जाई. आजारी मुलाला वाईट शक्तींपासून वाचवण्यासाठी मुद्दाम किळसवाणे नाव देण्याची प्रथाही होती. धोंडू, दगडू, कचरू या नावांमागील आईबापांची भीती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही प्रथा परकी वाटणार नाही.

एका कायद्याची १०७ वर्षे

ही नामपरंपरा कायद्याने तोडली. राजा चौथा कामेहामेहा याने २४ ऑगस्ट १८६० रोजी नावांचे नियमन करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. विवाहित स्त्रीने पतीचे नाव लावावे, अपत्यांनी वडिलांचे नाव आडनाव म्हणून घ्यावे आणि नव्याने जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाला त्याच्या लिंगाला साजेसे ख्रिस्ती नाव असावे, असे त्यात होते. हवाईयन नावे बहुधा स्त्री-पुरुष दोघांनाही चालत आणि आडनावाची पद्धत नव्हती. आता हवाईयन नाव मधल्या जागेत सरकले. हीच कलमे सांभाळत हवाईयन कुटुंबांच्या अनेक पिढ्यांनी दारी इंग्रजी आणि घरी हवाईयन अशी दोन नावे वागवली. ख्रिस्ती नावाची सक्ती १९६७ मध्ये उठली.

विशेष म्हणजे याच राजाने अँग्लिकन पंथाच्या प्रार्थनापुस्तकाचा हवाईयन अनुवाद स्वतः केला. श्रद्धेला हवाईयन शब्द देणारा आणि बाळाच्या पहिल्या नावातून हवाईयन शब्द हटवणारा हात एकच होता. त्यामुळे मिशनरी विरुद्ध स्थानिक, अशी सरळ विभागणी या इतिहासात करता येत नाही.

महाराष्ट्रात याच प्रश्नाला मिळालेले एक उत्तर वेगळे होते. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण नारायण आणि वामन ही विष्णूची दोन्ही नावे अखेरपर्यंत कायम ठेवली.

राणीचे नाव, राणीची प्रार्थना

हवाईची शेवटची राणी लिली’उओकालानी हिच्या आयुष्यात नाव आणि श्रद्धा हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. १८३८ मध्ये तिचा जन्म झाला, तेव्हा राज्याची कारभारी कीना’उ डोळ्यांच्या विकाराने त्रस्त होती. त्या प्रसंगावरून बाळाचे नाव लिली’उ लोलोकू वालानिया कामाका’एहा असे ठेवले गेले. चुरचुरणारे, अश्रूंनी भरलेले, जळजळणारे, दुखरे डोळे असा त्याचा अर्थ. बाप्तिस्म्यात ती लिडिया झाली. १८७७ मध्ये वारस घोषित होताना तिचा भाऊ राजा कालाकाउआ याने तिला लिली’उओकालानी हे राजनाम दिले.

१७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकी हितसंबंधीयांनी तिची सत्ता उलथवली. दोन वर्षांनी प्रतिउठाव फसल्यावर तिला इओलानी राजवाड्यातच कैद करण्यात आले आणि २४ जानेवारी १८९५ रोजी राज्यत्यागाच्या पत्रावर ‘लिली’उओकालानी डॉमिनिस’ अशी सही करण्यास लावले. डॉमिनिस हे तिच्या दिवंगत पतीचे आडनाव. १८९८ मधील आपल्या पुस्तकात तिने नमूद केले की, अशा नावाची व्यक्ती आपल्या माहितीत कधी अस्तित्वातच नव्हती. राजनाम आणि विवाहातील आडनाव जोडून तयार केलेले ते नाव तिच्या दृष्टीने कोणाचेच नव्हते.

त्याच कैदेत मार्च १८९५ मध्ये तिने ‘के अलोहा ओ का हाकू’ हे प्रार्थनागीत रचले. ‘प्रभूची प्रीती’ असा त्याच्या नावाचा अर्थ. आपल्याला कैदेत टाकणाऱ्यांच्या दोषांकडे कठोरपणे न पाहता त्यांना क्षमा करावी, अशी विनवणी त्यात आहे. आजही ते चर्चमध्ये आणि सार्वजनिक कार्यक्रमांत गायले जाते.

भाषा परतताना

१८९६ मध्ये शाळांतील शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजीची सक्ती झाली. १९८०च्या दशकाच्या आरंभी हवाईयन अस्खलित बोलणाऱ्या १८ वर्षांखालील मुलांची संख्या ५० हूनही कमी होती. नी’इहाउ या बेटावर ती दैनंदिन व्यवहारात टिकली. इतरत्र ती होनोलुलूच्या कावायाहा’ओसारख्या चर्चमध्ये, प्रार्थनेत आणि भजनांत ऐकू येत राहिली. जुन्या देवतांचे शब्द उचलून घेणारा धर्मग्रंथच भाषेचे एक आश्रयस्थान ठरला. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘आहा पूनाना लेओ’, म्हणजे ‘भाषेचे घरटे’, या संस्थेने बालवाड्यांपासून पुनरुज्जीवन सुरू केले आणि १९८७ पासून सरकारी शाळांतही हवाईयन माध्यम आले.

हवाईतील श्रद्धा आज एकसारखी नाही. काही जण ‘के अकुआ’ म्हणताना ख्रिस्ती देवाला स्मरतात, काही पेले आणि लोनो यांना, तर काही कुटुंबांत दोन्ही नांदतात. म्हणूनच अनुवाद मागणाऱ्याने आधी आपला ‘अकुआ’ कोणता, हे स्पष्ट करणे जाणकारांना गरजेचे वाटते. गूगलच्या अनुवादसेवेत २०१६ पासून हवाईयन आहे. मात्र स्वर किती लांबवायचा आणि ओकिना कोठे द्यायची, हे चुकले तर अर्थ बदलतो : ‘पाउ’ म्हणजे संपले, ‘पा’उ’ म्हणजे काजळी, आणि दोन्ही स्वर लांबवले की तोच शब्द स्त्रीचा घागरा होतो. नाव कायमचे धारण करायचे असेल, तर हवाईयन बोलणाऱ्या जाणत्या व्यक्तीकडून ते तपासून घेणे आणि ते कोणत्या कुटुंबाचे आहे हे विचारणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

नोंदवह्यांनाही या भाषेपुढे बदलावे लागले आहे. विवाहानंतर मिळालेले ३५ अक्षरी हवाईयन आडनाव लावणाऱ्या एका स्त्रीच्या वाहन परवान्यावर ते पुरे मावत नव्हते. शेवटचे अक्षर गाळले गेले होते आणि पहिल्या नावाला तर जागाच उरली नव्हती. हे आडनाव पतीच्या आजोबांना स्वप्नात मिळाले होते, असे तिने सांगितले होते. नाव आखूड करण्यास तिने नकार दिला. अखेर २०१३ मध्ये राज्याने ओळखपत्रांची रचना बदलली आणि आडनावासाठी ४० अक्षरांची जागा केली.